समजून घ्या : कमला सोहोनींनी डाळ आणि नीरा कशी ‘मोजली’? बाटलीतल्या द्रावणाला इतके महत्त्व का?

जळगाव हे देशातील डाळ प्रक्रिया उद्योगाचे एक मोठे केंद्र आहे. खान्देशात वरण-बट्टी आणि ज्वारीत उडीद दळून केलेली कळण्याची भाकरी घरोघरी खाल्ली जाते. या डाळींमध्ये नेमके किती प्रथिन असते, त्यातले किती अंगी लागते आणि कोणता घटक पचनात अडथळा आणतो, हे प्रश्न प्रयोगशाळेत नेऊन सोडवणाऱ्या पहिल्या काही भारतीय शास्त्रज्ञांमध्ये एका मराठी स्त्रीचे नाव आहे. डॉ. कमला सोहोनी. सर सी. व्ही. रामन यांच्या संस्थेत प्रवेश मिळवण्यासाठी त्यांना झगडावे लागले, हा प्रसंग अनेकांना माहीत असतो. त्यांनी पुढे आयुष्यभर जे काम केले, त्याची चर्चा मात्र कमी होते. हे काम प्रामुख्याने मोजमापाचे होते. मोजमाप किती खरे, हे यंत्राइतकेच बाटलीतल्या द्रावणावरही अवलंबून असते. जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांत प्रात्यक्षिके करणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणाऱ्या तंत्रज्ञांना हा मुद्दा रोज भेटतो. सोहोनी यांच्या आयुष्याच्या आधारे तो समजून घेऊ.

कोण होत्या कमला सोहोनी?

माहेरच्या कमला भागवत. जन्म १९११ चा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत (आयआयएससी), सुरुवातीच्या काळात शिकलेल्या विद्यार्थ्यांपैकी ते होते. लेखिका आणि लोकसंस्कृतीच्या अभ्यासक दुर्गा भागवत या कमलाबाईंच्या थोरल्या बहीण. एकाच घरातल्या दोन मुलींपैकी एक साहित्याकडे वळली आणि १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाची अध्यक्ष झाली. दुसरी परीक्षानळ्यांकडे वळली.

कमलाबाईंनी १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी घेतली. मुख्य विषय रसायनशास्त्र, दुय्यम विषय भौतिकशास्त्र. गुणवत्ता यादीत त्या अव्वल होत्या. वडील आणि काका जिथे शिकले, त्याच संस्थेत संशोधन करायचे त्यांनी ठरवले होते.

बंगळूरला प्रवेश का नाकारला गेला?

संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. १९३० मध्ये नोबेल मिळाल्याने त्यांची कीर्ती जगभर होती. स्त्रिया संशोधन करण्यास पुरेशा सक्षम नाहीत, अशी त्यांची धारणा होती आणि तेवढ्या कारणावरून त्यांनी अर्ज फेटाळला. गुणपत्रिकेत उणे काढण्यासारखे काहीच नव्हते. कमलाबाईंनी माघार घेतली नाही. गांधीजींच्या मार्गाने जात त्यांनी रामन यांच्या कार्यालयासमोर सत्याग्रह केला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नोंद होणार नव्हती. काम पाहून संचालक समाधानी झाले तरच पुढचे वर्ष. मार्गदर्शक सांगतील त्या वेळी, रात्री उशिरापर्यंतही काम करावे लागेल. आणि त्यांच्या असण्याने प्रयोगशाळेचे वातावरण बिघडता कामा नये.

या अटी त्यांनी स्वीकारल्या, पण त्यांतला अपमान त्या विसरल्या नाहीत. मार्गदर्शक होते एम. श्रीनिवासय्या. शिस्तीचे कडक आणि विद्यार्थ्याकडून पूर्ण काम करून घेणारे. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध आणि डाळी-कडधान्यांतील प्रथिनांवर काम सुरू केले. वर्षभरात त्यांचे काम पाहून रामन यांनी त्यांना नियमित केले आणि संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले. १९३६ मध्ये त्यांनी विशेष प्रावीण्यासह एम.एस्सी. पूर्ण केली.

अभिकारक म्हणजे काय आणि तो ‘शिळा’ कसा होतो?

एखाद्या पदार्थात अमुक घटक आहे का आणि किती आहे, हे कळण्यासाठी त्यात जे रसायन मिसळले जाते त्याला अभिकारक म्हणतात. प्रयोगशाळेत सगळे ‘रिएजंट’च म्हणतात. रंग बदलणे, साका खाली बसणे, वायू सुटणे अशा कोणत्या तरी खुणेने तो उत्तर देतो. त्या खुणेचे प्रमाण मोजून आकडा काढायचा, याला परीक्षण किंवा ‘अ‍ॅसे’ म्हणतात.

अडचण अशी की अभिकारक स्वतःही बदलत असतो. आयोडीन सैल झाकणातून उडून जाते. सिल्व्हर नायट्रेट उजेडात विघटते, म्हणून ते तपकिरी बाटलीत ठेवतात. पोटॅशियम परमँगनेटचे द्रावणही उजेडात आणि धुळीच्या संपर्काने कमजोर होते. सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा, हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड शोषतो. त्यामुळे वजनकाट्यावर नेमका एक ग्रॅम घेतला तरी त्यात सोडा एक ग्रॅम नसतो. म्हणून त्याच्या द्रावणाची खरी तीव्रता ऑक्झॅलिक आम्लासारख्या स्थिर पदार्थाच्या प्रमाण द्रावणाशी ताडून पाहावी लागते. बारावीच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थी हेच करतात, पण ते का करायचे हे अनेकदा सांगायचे राहून जाते.

बाहेरून पाहिले तर जुने आणि ताजे द्रावण बहुधा सारखेच दिसते. दूध नासले की वास येतो. अभिकारक बिघडला तर तो आकडा देतच राहतो, फक्त तो आकडा चुकीचा असतो.

केंब्रिजमध्ये त्यांनी काय शोधले?

१९३७ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून कमलाबाई केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात गेल्या. जीवनसत्त्वांच्या संशोधनासाठी १९२९ मध्ये नोबेल मिळालेले सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स तेथील जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख होते. आधी डॉ. डेरेक रिक्टर आणि नंतर वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणावरील कामासाठी प्रसिद्ध असलेले डॉ. रॉबिन हिल यांच्याबरोबर त्यांनी काम केले.

बटाट्याच्या ऊतींवर काम करताना ‘सायटोक्रोम सी’ हे लोहयुक्त प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असल्याचे त्यांनी दाखवले. पेशीच्या श्वसनात इलेक्ट्रॉन पुढे पोहोचवण्याचे काम हे प्रथिन करते. डेव्हिड कीलिन यांनी १९२५ मध्ये केंब्रिजमध्येच सायटोक्रोमचे महत्त्व पुढे आणले होते. प्राण्यांच्या आणि वनस्पतींच्या पेशी ऊर्जा मिळवण्यासाठी मुळात सारखीच यंत्रणा वापरतात, या समजुतीला कमलाबाईंच्या कामाने बळ मिळाले.

सायटोक्रोम ओळखण्याची खूण म्हणजे त्याचे प्रकाशशोषण. तो ‘अपचित’ अवस्थेत असताना हिरव्या प्रकाशात, ५५० नॅनोमीटरच्या आसपास, काळा पट्टा उमटतो. ऑक्सिजन लागला की पट्टा पुसट होतो. त्याला पुन्हा अपचित अवस्थेत आणण्यासाठी प्रयोगशाळांत वापरले जाणारे सोडियम डायथायोनाइट हे रसायन हवेत आणि ओलीत भराभर निकामी होते. त्याचे द्रावण करून ठेवता येत नाही, वापरायच्या क्षणीच करावे लागते. रसायन मेलेले असेल तर पट्टा दिसणार नाही आणि पेशीत सायटोक्रोम नाहीच, असा उलटा निष्कर्ष निघेल.

कमलाबाईंचे काम अवघ्या १४ महिन्यांत पूर्ण झाले. प्रबंध होता ४० टंकलिखित पानांचा. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माल यांना त्याआधी, १९३१ मध्ये अमेरिकेच्या मिशिगन विद्यापीठाने डी.एस्सी. दिली होती. खुद्द केंब्रिजने स्त्रियांना पदवीचे पूर्ण हक्क १९४८ मध्ये दिले. म्हणजे बंगळूरमध्ये जो पूर्वग्रह दिसला, तो तिथेही वेगळ्या रूपात होताच.

मायदेशी परतून काय केले?

परदेशात संशोधनाच्या संधी असूनही १९३९ मध्ये त्या भारतात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात नव्याने सुरू झालेल्या जीवरसायनशास्त्र विभागाच्या त्या प्रमुख झाल्या. नंतर निलगिरीतील कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक म्हणून त्यांनी जीवनसत्त्वांवर काम केले. १९४७ मध्ये विमागणिती एम. व्ही. सोहोनी यांच्याशी विवाह झाला आणि त्या मुंबईत आल्या. तेथील इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग सुरू झाला, त्याच्या त्या प्राध्यापक झाल्या. पुढचे सगळे महत्त्वाचे काम त्यांनी विद्यार्थ्यांना सोबत घेऊन इथेच केले.

संशोधनाचे विषय त्यांनी सर्वसामान्यांच्या ताटातून निवडले. नीरा, डाळी-कडधान्यांची प्रथिने आणि भाताच्या पिठासारखे रोजचे अन्न. मांस, अंडी, दूध परवडत नाही अशा कुटुंबाला प्रथिने मिळायची ती डाळीतूनच. खान्देशातली कळण्याची भाकरी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते उडदातून मिळते. उडदात गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी असतात, ती उणीव ज्वारी बरीचशी भरून काढते. परंपरेने जे जमवले होते, त्याचे कारण आणि प्रमाण जीवरसायनशास्त्राने सांगितले.

डाळीतला पचन रोखणारा घटक कसा मोजतात?

कच्च्या कडधान्यात प्रथिने भरपूर असली तरी ती सगळी पचत नाहीत. आपल्या आतड्यात प्रथिने तोडण्याचे काम ‘ट्रिप्सिन’ हे विकर करते. काही कडधान्यांत या विकरालाच अडवणारे पदार्थ असतात. त्यांना ट्रिप्सिन-विरोधक म्हणतात. सोहोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय भाज्या आणि डाळींमधील या विरोधकांचा अभ्यास केला. वाल आणि डबल बीन यांतून मिळवलेल्या स्फटिकरूप विरोधकांवरचा त्यांचा शोधनिबंध १९५५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

अशा परीक्षणाची पद्धत ऐकायला सोपी आहे. दुधातले केसीन हे प्रथिन बफरमध्ये विरघळवायचे. एका नळीत त्यावर फक्त ट्रिप्सिन टाकायचे, दुसऱ्या नळीत ट्रिप्सिन आणि डाळीचा अर्क. ठरलेल्या वेळाने ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल घालून क्रिया थांबवायची. न तुटलेले प्रथिन खाली बसते, तुटलेले तुकडे वर द्रावणात राहतात. ते मोजायचे. दुसऱ्या नळीत तुकडे जितके कमी, तितका डाळीतला विरोधक जास्त.

खरी परीक्षा साठवणुकीची असते. ट्रिप्सिनचे काम प्रथिने तोडणे आणि ट्रिप्सिन स्वतःही प्रथिनच. किंचित अल्कधर्मी द्रावणात, साधारण पीएच ८ च्या आसपास, ते सर्वात कार्यक्षम असते. पण त्याच द्रावणात ठेवून दिले तर ते स्वतःलाच तोडू लागते. म्हणून त्याचे साठ्याचे द्रावण अतिशय सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात करतात आणि थंड ठेवतात. आम्लात ते शांत राहते. बफरमध्ये मिसळले की कामाला लागते.

आता समजा, ट्रिप्सिनची बाटली दोन तास टेबलावर तशीच राहिली. विकर अर्धे मेले. सकाळी फक्त ट्रिप्सिनची नळी तपासली होती आणि दुपारी डाळीच्या अर्काची नळी तपासली. दुपारी तुकडे निम्मेच मिळाले. वहीत नोंद होईल की या डाळीत पचन रोखणारा घटक भरपूर आहे. डाळ निर्दोष असूनही दोषी ठरली. हे टाळण्यासाठी विरोधकाशिवायची नळी, म्हणजे कंट्रोल, प्रत्येक वेळी सोबतच चालवावी लागते आणि विकराची बाटली बर्फातून बाहेर काढायची नसते.

यातले बहुतेक विरोधक उष्णतेने निकामी होतात. डाळ भिजवून नीट शिजवण्याची आपली रीत पोषणाच्या दृष्टीनेही योग्य आहे, ती यामुळेच.

नीरेवरचे काम का गाजले?

तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून सोहोनी यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. ताड, शिंदी अशा झाडांचा गोड, न आंबलेला रस म्हणजे नीरा. त्यात जीवनसत्त्व ‘क’, जीवनसत्त्व ‘अ’ आणि लोह लक्षणीय प्रमाणात असल्याचे आणि नीरा आटवून केलेल्या गुळातही हे घटक टिकत असल्याचे त्यांच्या अभ्यासात आढळले. कुपोषित आदिवासी किशोरवयीन मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्या आहारात नीरा दिल्यावर प्रकृतीत सुधारणा दिसली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. सातपुड्याच्या पट्ट्यात कुपोषणाचा प्रश्न आजही असल्याने स्वस्त आणि स्थानिक अन्नाचा हा विचार खान्देशालाही लागू पडतो.

नीरा मोजणे मात्र किचकट. ऊन चढले की ती आंबते आणि ताडी होते. त्यामुळे नमुना झाडावरून उतरवल्यापासून थंड ठेवावा लागतो. जीवनसत्त्व ‘क’ तर हवेनेच नष्ट होत जाते, म्हणून ते नमुना आम्लात घेऊन जपतात.

‘क’ मोजण्याच्या प्रचलित पद्धतीत डायक्लोरोफिनॉल इंडोफिनॉल हा निळा रंग वापरतात. आम्लात तो गुलाबी दिसतो. जीवनसत्त्व ‘क’ त्याला रंगहीन करते. सगळे जीवनसत्त्व संपले की पुढचा थेंब गुलाबी राहतो. तोपर्यंत ब्युरेटमधून किती रंग लागला, त्यावरून प्रमाण काढतात. हा रंग बाटलीत दिवसेंदिवस कमजोर होतो. म्हणून तो थंड, अंधाऱ्या जागी ठेवतात आणि वापरण्याआधी जीवनसत्त्व ‘क’च्या ताज्या प्रमाण द्रावणाशी त्याची तीव्रता ताडून घेतात.

हे केले नाही तर काय होते? रंग कमजोर असेल तर तो जास्त लागतो. जुन्याच तीव्रतेने हिशेब केला की जीवनसत्त्व आहे त्याहून जास्त दिसते. प्रमाण द्रावण शिळे असले तरी चूक त्याच दिशेने जाते, आकडा फुगतो. प्रयोगशाळेत ही चूक दोन-चार मिलिलिटरची. पण त्या आकड्यावरून मुलांना रोज किती पेलाभर नीरा पुरेल हे ठरवले, तर मुलांच्या पोटात कमी जाते. आहाराचे कोष्टक छापले की बाटलीतली चूक हजारो घरांत पोहोचते. पोषणशास्त्रात अभिकारकाची काळजी घेणे हा टापटिपीपुरता विषय नाही, तो असा.

संचालकपदासाठी वाट का पाहावी लागली?

बंगळूरचा अनुभव मुंबईतही पूर्ण सुटला नाही. इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संचालकपदासाठी त्या पात्र असताना अंतर्गत राजकारणामुळे त्यांना सुमारे चार वर्षे डावलले गेले. अखेर त्या संचालक झाल्या. एवढ्या मोठ्या विज्ञान संस्थेच्या प्रमुखपदी स्त्री असणे ही त्या काळी दुर्मीळ गोष्ट होती. मुंबईच्या आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी उत्पादनाचा दर्जा सुधारण्याबाबत सल्ला दिला.

ग्राहक चळवळीशी त्यांचा संबंध काय?

१९६६ मध्ये मुंबईत नऊ महिलांनी मिळून ‘कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था सुरू केली. सोहोनी या संस्थेत सक्रिय होत्या. १९८२-८३ मध्ये त्या अध्यक्ष होत्या. संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षेवर लेख लिहिले. मराठीत त्यांचे ‘आहार-गाथा’ हे पुस्तक आहे.

भेसळ ओळखण्याच्या सोप्या चाचण्या आज अनेकांना माहीत आहेत. खवा किंवा दुधात पिष्ट, म्हणजे स्टार्च, मिसळले असेल तर आयोडीनच्या थेंबाने निळा रंग येतो. मात्र नमुना थंड करून मगच आयोडीन टाकावे लागते, गरम असताना निळा रंग दिसत नाही. तूरडाळीला मेटॅनिल यलो हा बंदी असलेला पिवळा रंग दिला असेल तर कोमट पाण्यात उतरलेल्या रंगावर हायड्रोक्लोरिक आम्ल टाकताच तो गुलाबी-जांभळट होतो. हे आम्ल दाहक असल्याने ही चाचणी जाणकाराच्या देखरेखीतच करावी.

इथेही नियम तोच. आयोडीनच्या बाटलीचे बूच सैल राहिले आणि आयोडीन उडून गेले, तर भेसळीचा खवाही निळा होणार नाही आणि पास ठरेल. म्हणून चाचणीआधी तो थेंब शिजवलेल्या आणि थंड केलेल्या बटाट्यावर किंवा भाताच्या पेजेवर टाकून पाहावा. तिथे निळा झाला तरच द्रावण चांगले. प्रयोगशाळेच्या भाषेत हाच ‘पॉझिटिव्ह कंट्रोल’.

खान्देशच्या उन्हाळ्यात द्रावणे कशी सांभाळायची?

मे महिन्यात जळगाव, भुसावळ, धुळे परिसरात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अभिकारकांच्या बाटल्यांवरच्या सूचना बहुधा २५ अंश गृहीत धरून लिहिलेल्या असतात. त्यामुळे इथे काही गोष्टींकडे जास्त लक्ष द्यावे लागते.

* आकारमान : व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कवर २० किंवा २७ अंश सेल्सियस असे तापमान छापलेले असते. खूण त्या तापमानासाठीच खरी. २० अंशांवरून ४५ अंशांवर गेल्यास पाण्याचे आकारमान सुमारे ०.८ टक्क्यांनी वाढते. म्हणून गरम पाण्याने द्रावण खुणेपर्यंत भरू नये. ते आधी थंड होऊ द्यावे.

* बफर : सर्रास वापरल्या जाणाऱ्या ट्रिस बफरचा पीएच तापमान एक अंशाने वाढला की साधारण ०.०३ ने उतरतो. २५ अंशांवर ८.० असलेला बफर ४५ अंशांवर सुमारे ७.४ होतो. विकरांच्या परीक्षणात एवढा फरक मोठा असतो. पीएच ज्या तापमानाला काम करायचे त्याच तापमानाला जुळवावा.

* पाणी : बोअरच्या जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम फॉस्फेट बफरमध्ये साका धरतात. डिस्टिल्ड वॉटरच वापरावे. तेही उघडे राहिले तर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून आम्लधर्मी होते, म्हणून कॅन बंद ठेवावा.

* फ्रीज : विकरे आणि पॅथॉलॉजीची बरीचशी किट २ ते ८ अंशांत ठेवायची असतात. वीज गेली तर किती वेळ गेली आणि फ्रीजचे तापमान किती चढले, याची नोंद हवी. गोठवायची द्रावणे छोट्या कुप्यांत भरावीत. एकच मोठी बाटली रोज वितळवून पुन्हा गोठवली की विकर लवकर मरते. या फ्रीजमध्ये डबा किंवा पाण्याची बाटली ठेवू नये.

* बाटली आणि बूच : सोडियम हायड्रॉक्साइड प्लास्टिकच्या बाटलीत ठेवावे. काचेच्या बाटलीत काचेचे बूच अडकून बसते. उजेडाने बिघडणारी रसायने तपकिरी बाटलीत ठेवावीत आणि ती बाटलीही खिडकीपासून दूर असावी.

* मांडणी : बाटल्या नुसत्या अक्षरक्रमाने लावणे धोक्याचे. आम्ले आणि अल्कली वेगळ्या कपाटांत, नायट्रिक आम्ल सेंद्रिय द्रावकांपासून दूर आणि सायनाइड आम्लांच्या आसपासही नको. सौम्य करताना आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात नव्हे.

* लेबल : रसायनाचे नाव, तीव्रता, तयार केल्याची तारीख, मुदत, तयार करणाऱ्याची आद्याक्षरे आणि धोक्याची खूण. ज्याची मुदत आधी संपते ते आधी वापरावे. पिपेट थेट मूळ बाटलीत बुडवू नये आणि उरलेले द्रावण परत मूळ बाटलीत ओतू नये.

यांपैकी एकाही गोष्टीला महागडे यंत्र लागत नाही. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत कमी पडते ती बहुधा वेळेची आणि नोंदवहीची शिस्त. प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी घाईने केलेले आणि तारीख न टाकलेले द्रावण विद्यार्थ्यांच्या हाती पडते. मग २० जणांची उत्तरे २० प्रकारची येतात आणि दोष विद्यार्थ्यांच्या हाताला दिला जातो.

सोहोनी यांची आठवण आज का महत्त्वाची?

कमला सोहोनी यांचे १९९८ मध्ये निधन झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) दिल्लीत त्यांच्या सन्मानार्थ आयोजित केलेल्या समारंभात त्या कोसळल्या आणि त्यानंतर लवकरच त्या गेल्या. २०२३ मध्ये त्यांच्या ११२ व्या जयंतीला, १८ जून रोजी, गुगलने डूडल करून त्यांचे स्मरण केले. त्यांच्या हयातीत मात्र ही प्रसिद्धी त्यांच्या वाट्याला फारशी आली नाही.

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० मध्ये स्थापन झाल्यापासून जळगाव, धुळे आणि नंदुरबारमधील विद्यार्थ्यांना जीवरसायनशास्त्र शिकण्यासाठी पुण्या-मुंबईला जाणे अपरिहार्य राहिलेले नाही. धुळे आणि जळगाव या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. प्रयोगशाळांत मुलींची संख्या मोठी आहे आणि त्यांना दारात बसून सत्याग्रह करावा लागत नाही. डाळी, केळी, भरताची वांगी, ज्वारी अशी मोजण्यासारखी पिके तर दाराशीच आहेत. त्यातल्या एखाद्या विद्यार्थिनीने उद्या उडदातले प्रथिन मोजायला घेतले, तर तिचा आकडा खरा असावा यासाठी पहिली तपासणी उडदाची नव्हे, तर टेबलावरच्या बाटलीची करावी लागेल. तिच्यावर तारीख आहे का, ती कुठे ठेवली होती आणि आज सकाळी तिची तीव्रता ताडून पाहिली का?